युरोपातलं घर बघायचं तर आधी विचारा: सामाईक काय आहे?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मुलाला बर्लिनमध्ये नोकरी लागली आहे आणि तिथे एक घर मिळतंय. इमारत १८९० च्या सुमाराची, घर मागच्या अंगणाच्या बाजूचं, तिसरा मजला, लिफ्ट नाही, जाहिरातीत ‘दोन खोल्या’ लिहिलेल्या आणि स्वयंपाकघरात साधा ओटासुद्धा नाही. ताई लिहितात, ‘एवढी जुनी इमारत म्हणजे आमच्याकडे महापालिकेची नोटीस लागलेली असते. युरोपात सगळे उतरत्या छपराच्या टुमदार बंगल्यात राहतात असंच वाटत होतं. नक्की कुठल्या देशात कसली घरं असतात? आणि हे घर त्याने घ्यावं का?’

ताई, मी वास्तुविशारद आहे. शिक्षण पुण्यात झालं आणि गेली बावीस वर्षं बर्लिनमध्ये जुन्या राहत्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करतो आहे. तुमच्या मुलाला मिळतंय तसली शेकडो घरं मी आतून, जमीन उकलून पाहिली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टुमदार बंगल्याचं चित्र खोटं नाही, पण ते अर्धंच आहे. युरोपीय संघातली जवळजवळ निम्मी माणसं फ्लॅटमध्ये राहतात. आयर्लंडमध्ये दहापैकी नऊ जण स्वतंत्र किंवा ओळीतल्या घरात राहतात, तर स्पेनमध्ये तीनपैकी दोघं फ्लॅटमध्ये. तेव्हा ‘युरोपातलं घर’ अशी एकच गोष्ट नाही. इतकी वर्षं ही घरं बघून मी एक सवय लावून घेतली आहे. छप्पर कसं आहे, मजले किती आहेत हे मी नंतर बघतो. आधी विचारतो, इथे सामाईक काय आहे? भिंत सामाईक आहे, जिना सामाईक आहे, अंगण सामाईक आहे की मालकीच सामाईक आहे? याचं उत्तर मिळालं की त्या देशाने आपल्या माणसांना कसं वसवलं ते कळतं, आणि आपल्याला तिथे काय जपावं लागेल तेही कळतं.

फक्त भिंत सामाईक, बाकी सगळं आपापलं, हा प्रकार समजायला सगळ्यात सोपा. इंग्लंडमध्ये याला टेरेस्ड हाउस म्हणतात. आपल्याकडे टेरेस म्हणजे गच्ची, तिथे टेरेस म्हणजे घरांची सलग ओळ. नव्याने गेलेल्या मराठी माणसाची इथे हमखास गल्लत होते. दार थेट रस्त्यावर उघडतं, जिना घराच्या आत, खाली दोन खोल्या, वर दोन, मागे छोटंसं परसदार. दोनच घरं एकमेकांना चिकटलेली असली की ते सेमी-डिटॅच्ड, म्हणजे आपलं ट्विन बंगलो. आणि ‘बंगलो’ हा शब्द आपल्याकडून तिथे गेला असला तरी तिकडे त्याचा अर्थ फक्त एकमजली घर असा होतो. जिना चढवत नाही म्हणून वयस्क माणसं मुद्दाम शोधतात ते बसकं घर.

कारखान्यांच्या गावांत एके काळी याहून दाटीवाटीची घरं होती. पाठीला पाठ लावून बांधलेली, तीन बाजूंनी शेजाऱ्याची भिंत आणि उजेड एकाच बाजूने. बर्मिंगहॅममध्ये असं एक अंगण आणि त्याभोवतीची घरं मुद्दाम जतन करून ठेवली आहेत. कुणी त्या बाजूला गेलं तर अवश्य बघावीत. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर गावोगाव नियम झाले, घरामागे मोकळी जागा सोडणं भाग पडलं, आणि आज इंग्लंडभर दिसणाऱ्या एकसारख्या विटांच्या लांबच लांब ओळी त्यातून उभ्या राहिल्या. इंग्लंडमध्ये फ्लॅट विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना: तिथला बहुतेक फ्लॅट हा ९९, १२५ किंवा अधिक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो, जमीन दुसऱ्याचीच राहते. नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्याची ज्यांना सवय आहे त्यांना हे लगेच कळेल. पट्ट्याची शिल्लक वर्षं ऐंशीच्या खाली उतरली की मुदत वाढवणं महाग पडतं आणि कर्ज मिळणंही अवघड होतं. भाव स्वस्त दिसला की आधी शिल्लक वर्षं विचारावीत.

नेदरलँड्समध्येही ओळीतलंच घर जास्त. तिथे त्याला रायत्येसहाउस म्हणतात. त्यातही १९५० नंतर बांधलेल्या घरांचा एक नमुना मला फार आवडतो. बैठकीची खोली घराच्या पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत सलग, दोन्हीकडे मोठ्या खिडक्या, म्हणजे सकाळचं ऊन एकीकडून आणि संध्याकाळचं दुसरीकडून. त्याचं डच नावच ‘ऊन आरपार जाणारं घर’ अशा अर्थाचं आहे. सहा महिने ढगाळ असणाऱ्या देशात ही साधी गोष्ट फार मोलाची ठरते. ॲम्स्टरडॅमच्या कालव्यांकाठची जुनी घरं मात्र अरुंद आणि उंच, जिना जवळजवळ शिडीसारखा. त्यामुळे सामान जिन्याने नेताच येत नाही. छपराखालून बाहेर आलेल्या तुळईला एक आकडा असतो, त्यावरून दोर टाकून कपाटं, पियानो खिडकीतून आत घेतात. ही घरं दलदलीत रोवलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत. तिथल्या राजवाड्याखाली असे १३,६५९ खांब आहेत. लाकूड पाण्याखाली बुडालेलं असेपर्यंत शतकं टिकतं, पण भूजल उतरलं आणि खांबाचं डोकं हवेला लागलं की कुजायला सुरुवात होते. हा खर्च फार मोठा असतो, म्हणून तिथे जुनं घर विकत घेणाऱ्याने रंगरंगोटीवर न भुलता पायाचा अहवाल मागावा.

आता तुमच्या मुलाच्या घराकडे येतो. इथे भिंतीबरोबर जिना आणि अंगणही सामाईक आहे.

१८६२ मध्ये बर्लिनचा होब्रेख्त आराखडा झाला. रुंद रस्ते आखले, पण दोन रस्त्यांमधले भूखंड फार खोल राहिले. जमीनमालकांनी मागची ती सगळी लांबी भरून काढली. रस्त्यालगत पुढची इमारत, तिला काटकोनात जोडलेली बाजूची पाख म्हणजे विंग, मग आडवी मागची इमारत, मधे अंगण; जागा उरली तर तिच्यामागे पुन्हा तेच. १८५३ च्या नियमाप्रमाणे या अंगणाचा किमान आकार होता ५.३४ मीटर गुणिले ५.३४ मीटर. हा आकडा उजेडासाठी किंवा हवेसाठी ठरवला नव्हता, अग्निशामक बंबाला वळता यावं एवढाच त्याचा हिशेब होता. आपल्या वाड्यात चौक आधी ठरतो आणि खोल्या त्याच्याभोवती येतात. बर्लिनचं अंगण म्हणजे खोल्या बांधून झाल्यावर कायद्याने सोडायला लावलेली जागा. वेडिंग भागात मेयर्स होफ नावाची वसाहत होती, एकामागे एक सहा अंगणं आणि गर्दीच्या काळात सुमारे दोन हजार माणसं. १९७२ मध्ये तिचं उरलंसुरलं पाडलं.

एकाच पत्त्यावर सगळे थर राहायचे, हे या इमारतींचं वैशिष्ट्य. पुढच्या बाजूला पहिल्या मजल्यावर वकील किंवा अधिकारी, छताला चुनेगच्चीचं नक्षीकाम आणि चकचकीत लाकडी जिना. मागच्या अंगणात कामगार, एका खोलीत पाच-सहा जण, संडास जिन्याच्या अर्ध्या वळणावर. आजही जिना चढताना कळतं. पुढच्या इमारतीत कठड्याचा लाकडी दांडा हातात भरतो, मागे साधी गजांची रेलिंग असते. पुढची इमारत आणि बाजूची पाख जिथे मिळते तिथे कोपऱ्यात एक मोठी, काहीशी अंधारी खोली तयार होते. अंगणाच्या कोपऱ्यात तिला एकच खिडकी मिळते आणि घरातल्या घरात पलीकडे जायचं तर तिच्यातूनच जावं लागतं. शहराच्याच नावाने तिला ‘बर्लिनर त्सिमर’ म्हणतात. आपल्या माजघराशी तिचं नातं जोडावंसं वाटतं. उजेड कमी, पण घरातली सगळी वर्दळ तिथूनच.

युद्धात बरंच पडलं. नंतर साठच्या-सत्तरच्या दशकांत पश्चिम बर्लिनने ही घरं सरसकट पाडायला घेतली. त्याविरुद्ध लोक उभे राहिले, रिकाम्या घरांत जाऊन राहिले, आणि ऐंशीच्या दशकात शहराच्या क्रॉइझबेर्ग भागात पाडण्याऐवजी जपून, राहणाऱ्यांना विचारून दुरुस्ती करायची पद्धत रुजली. माझा सगळा व्यवसाय त्या निर्णयावर उभा आहे. त्यामुळे ताई, इथे ‘आल्टबाऊ’, म्हणजे जुनी इमारत, हे जाहिरातीतलं आकर्षण असतं. सव्वातीन-साडेतीन मीटर उंच छत, जाड विटांच्या भिंती, साधारण एकाच मापाच्या प्रशस्त खोल्या. अशा घरासाठी पन्नास-पन्नास माणसं रांगेत उभी राहतात.

पण तिचं दुखणं कुठे असतं तेही सांगतो. दोन मजल्यांमधली जमीन म्हणजे आपल्या कडीपाटाचीच बहीण. लाकडी तुळया, त्यांच्यामधल्या पोकळीत वाळू, विटांचा चुरा आणि भट्टीची राख भरलेली, वर फळ्या. काही वर्षांपूर्वी बर्लिनच्या नॉयक्योल्न भागात दुसऱ्या मजल्यावरच्या एका न्हाणीघराची फरशी आम्ही उकलली. राहणाऱ्या आजी नुसतं म्हणत होत्या, ‘संडासाजवळ जमीन मऊ लागते.’ फळी निघाली तसा ओल्या मातीचा आणि कुबट बुरशीचा वास आला. भरावात जुन्या जर्मन लिपीतल्या वर्तमानपत्राचे तुकडे होते, ते वाचताही येत होते. पण तुळईचं भिंतीत शिरणारं टोक मी पेचकसाने दाबलं तर पातं मुठीपर्यंत आत गेलं. न्हाणीघर पूर्वी तिथे नव्हतंच, नंतर कधीतरी पाणी तिथे नेलं आणि एक सांधा वर्षानुवर्षं थेंब थेंब गळत राहिला. टोक कापून दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या घालून तुळई वाचवली. आजींना तीन महिने दुसरीकडे राहावं लागलं. त्या परत आल्या तेव्हा पहिल्यांदा बूट काढून अनवाणी पायाने तिथली जमीन दाबून बघितली. जुन्या इमारतीचं वय कधीच एवढं घातक नसतं, जेवढं तिच्यात नंतर घुसवलेलं पाणी असतं. हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगतो.

अंगण सामाईक असण्याचा अजून एक प्रकार आहे आणि तो मराठी माणसाला बघताक्षणी ओळखू येतो. अंगणाभोवती प्रत्येक मजल्याला सलग गॅलरी, गॅलरीत ओळीने दारं, टोकाला संडास. म्हणजे चाळच! मिलानमध्ये याला ‘कासा दी रिंगिएरा’ म्हणतात, कठड्याचं घर. बुडापेस्टमध्ये त्या गॅलरीला ‘गांग’ म्हणतात, प्रागमध्ये ‘पावलाच’, माद्रिदमध्ये अशा इमारतीला ‘कोर्राला’. माझी आत्या गिरगावात चाळीत राहायची, सुट्टीत आमचा मुक्काम तिच्याकडेच असे. म्हणून मिलानच्या कालव्याजवळ अशा एका अंगणात पहिल्यांदा शिरलो तेव्हा पाय थबकले. तोच लोखंडी कठडा, तोच तारांवर वाळणारा कपडा, कुणीतरी तिसऱ्या मजल्यावरून खाली हाक मारतंय आणि खालून उत्तर जातंय. तुळशीच्या जागी तिची चुलत बहीण बॅझिल, पण कुंडी तशीच, दाराच्या उजव्या हाताला. संडास आता प्रत्येकाच्या घरात गेले आहेत. गॅलरीच्या टोकाला उरलेल्या त्या खोलीत सायकली आणि जुन्या खुर्च्या भरल्या होत्या.

हे साम्य योगायोगाचं नाही. गाव सोडून कारखान्यात आलेल्या माणसांना कमी जागेत, कमी खर्चात ठेवायचं तर प्रत्येक घराला वेगळा जिना परवडत नाही. एक जिना, एक लांब गॅलरी आणि एक नळ यात वीस बिऱ्हाडं भागतात. गरज तीच आली की आकारही तोच येतो, मग ते गिरणगाव असो की मिलान.

नळावरून व्हिएन्ना आठवलं. तिथल्या जुन्या भाड्याच्या इमारतीत बोळात भिंतीला लोखंडी कुंडी असलेला सामाईक नळ असायचा, त्याला बास्सेना म्हणत. पाणी भरताना होणाऱ्या गप्पागोष्टींना व्हिएन्नाच्या बोलीत अजूनही बास्सेनाचंच नाव जोडतात. आपल्याकडच्या नळावरच्या भांडणांसारखंच. त्या शहराने या परिस्थितीतून जी वाट काढली तिचा मला मनापासून आदर वाटतो. पहिल्या महायुद्धानंतर नगरपालिकेने स्वतः घरं बांधायला घेतली. १९२३ मध्ये घरांवर कर बसवला, श्रीमंतांच्या मोठ्या घरांवर जास्त आणि कामगाराच्या खोलीवर नाममात्र, आणि १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरं उभी केली. कार्ल मार्क्स होफ ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध वसाहत, एक किलोमीटरहून लांब, तेराशेहून जास्त घरं. पण मला त्या लांबीपेक्षा तिची अंगणं महत्त्वाची वाटतात. जमिनीचा पाचवा हिस्सासुद्धा बांधकामाखाली नाही, उरलेली सगळी बाग आणि अंगण. कपडे धुण्याची सामाईक व्यवस्था, बालवाड्या, वाचनालय, दवाखाना, आणि प्रत्येक घरात स्वतःचं पाणी आणि संडास. अंगण उरलेली जागा न राहता पुन्हा आपल्या चौकासारखं इमारतीचं काळीज झालं. आजही त्या शहरातली जवळपास निम्मी माणसं पालिकेच्या किंवा अनुदानावर बांधलेल्या सहकारी घरांत राहतात, आणि त्यात शिक्षक, परिचारिका, अभियंते सगळे येतात. व्हिएन्नाचा पत्ता लिहिताना घराच्या क्रमांकानंतर जिन्याचा क्रमांक आणि मग दाराचा क्रमांक लिहितात. जिना चुकला तर माणूस सापडत नाही.

पूर्वेकडे गेलं की गोष्ट वेगळी. तिथे घरं कारखान्यात बनली. भिंतीच्या भिंती काँक्रीटमध्ये ओतून, खिडकीची जागा सोडून, ट्रकवरून आणून क्रेनने जोडायच्या. चेक भाषेत पानेलाक, जर्मनीत प्लाटेनबाऊ. स्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हाच्या पेत्रझाल्का वसाहतीत अशा इमारतींत लाखभर माणसं राहतात. आपल्याकडचे लोक बसमधून या इमारती बघून ‘किती उदास’ म्हणतात, आणि मला ते खटकतं. ज्या कुटुंबाने मागच्या अंगणातल्या ओल्या खोलीत कोळशाच्या शेगडीवर दिवस काढले, त्याला अशा इमारतीत नळ फिरवला की गरम पाणी मिळालं, भिंतीवर गरम पाण्याचा रेडिएटर मिळाला. त्या काळी ही घरं मिळावीत म्हणून वर्षानुवर्षं यादीत नाव लावून लोक थांबत. दोष आहेतच. सांध्यांतून थंडी येते, आवाज सगळ्या इमारतीत फिरतो, आणि भिंतीत खिळा मारायचा तर हॅमर ड्रिलच लागतं. चेक घरांत न्हाणीघराचा गाभाही पातळ लॅमिनेटच्या पाट्यांचा तयार बसवलेला असायचा, तो आता बहुतेकांनी काढून विटांचा केला आहे. साम्यवादी राजवटी गेल्यावर, १९९० नंतर, बऱ्याच देशांत ही सरकारी घरं राहणाऱ्यांनाच स्वस्तात विकली गेली, म्हणून रोमानियात आज दहातली नऊहून जास्त माणसं स्वतःच्या घरात राहतात. श्रीमंत जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात. मालकीचं घर म्हणजे सुबत्ता, हे आपलं समीकरण इथे चालत नाही.

ग्रीसची गोष्ट पुण्याच्या वाचकांना फार जवळची वाटेल. अथेन्समध्ये टेकडीवरून बघितलं तर पाच-सहा मजली पांढऱ्या इमारतींचा समुद्र दिसतो, प्रत्येक मजल्याला लांब बाल्कनी, वर कापडी छत. या इमारतीला ‘पोलिकातिकिया’ म्हणतात. १९२९ च्या कायद्याने एका इमारतीतले वेगवेगळे मजले वेगवेगळ्या मालकांचे असू शकतील अशी सोय झाली. पुढे पन्नास ते सत्तरच्या दशकांत लोकांनी त्यावर एक व्यवहार बसवला. जागेचा मालक आपलं जुनं एकमजली घर आणि जमीन बांधणाऱ्याला देतो, पैसे घेत नाही, त्याबदल्यात नव्या इमारतीतले काही फ्लॅट घेतो. उरलेले फ्लॅट विकून बांधणारा आपला खर्च काढतो. डेक्कनवर किंवा सदाशिव पेठेत ज्यांच्या आजोबांचा बंगला किंवा वाडा असाच गेला, त्यांना यात समजावण्यासारखं काही उरत नाही. बँकांकडे पैसा नसताना युद्धातून उठलेलं शहर असं वसलं. त्याची किंमत मोकळ्या जागांनी चुकवली, तीही आपल्यासारखीच. स्पेनमध्ये मात्र आतल्या बाजूला उजेडासाठी सोडलेली एक अरुंद चौकट इमारतीतच असते, स्वयंपाकघरांच्या खिडक्या तिच्यात उघडतात आणि कपड्यांच्या दोऱ्या एका खिडकीतून समोरच्या खिडकीत जातात. चमचा खाली पडला तर कुणाच्या घरातला, हे सगळ्यांना कळतं.

उत्तरेकडे मालकीच सामाईक होते. स्वीडनमध्ये फ्लॅट विकत घेतला तर भिंती आपल्या होत नाहीत. इमारतीची मालकी रहिवाशांच्या संस्थेची, आपल्याला त्या संस्थेत राहण्याचा हक्क मिळतो. महाराष्ट्रातली गृहनिर्माण सहकारी सोसायटी माहीत असली की हे सहज समजतं, फक्त तिथे घर घेण्याआधी लोक संस्थेचा ताळेबंद वाचतात आणि तिच्या डोक्यावर कर्ज किती आहे ते बघतात. तेवढं आपल्याकडेही व्हायला हवं. १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत या देशाने दहा लाख घरं बांधली, तेव्हा देशाची लोकसंख्या जेमतेम ऐंशी लाख होती. इमारतीच्या तळघरात सामाईक कपडे धुण्याची खोली असते आणि तिची वेळ फलकावर हव्या त्या वेळेपाशी आपलं छोटं कुलूप लावून राखतात. दुसऱ्याच्या वेळेत आपले कपडे मशिनमध्ये राहणं हा तिथे मोठा अपराध. फिनलंडमध्ये असाच वार लावून सामाईक सौना वापरतात.

फ्रान्सबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण तिथे शिकायला जाणाऱ्या मुलांशी तिचा संबंध आहे. पॅरिसच्या जुन्या सहामजली इमारतींत सगळ्यात वर, जस्ताच्या पत्र्याखाली, एके काळी मोलकरणींसाठी बांधलेल्या खोल्या आता विद्यार्थ्यांना भाड्याने देतात. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात बर्फ. तिथल्या नियमाप्रमाणे राहती खोली साधारण किमान ९ चौरस मीटर आणि २.२० मीटर उंच हवी, किंवा तिचं एकूण घनफळ किमान २० घनमीटर हवं. उतरत्या छताखाली जिथे उंची १.८० मीटरहून कमी, ती जागा विकताना क्षेत्रफळात धरतही नाहीत. टेप घेऊन मापावं, संकोच करू नये.

आता ताई, मुलाचं घर. माझं मत विचाराल तर घ्यावं, पण काही गोष्टी बघून.

‘दोन खोल्या’ म्हणजे आपला वन बीएचके. इथे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजणीत धरत नाहीत. ओटा नाही यात काही गैर नाही, जर्मनीत भाडेकरू आपला ओटा, कपाटं, शेगडी स्वतः आणतो आणि जाताना घेऊन जातो. आधीचा भाडेकरू आपला ओटा विकायला काढत असेल तर तो वाजवी भावात घ्यावा, उगाच हजारो युरो मोजू नयेत. भाडं दोन आकड्यांत सांगतात. ‘थंड’ भाडं म्हणजे नुसत्या जागेचं, ‘गरम’ भाडं म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, जिन्याची सफाई धरून. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्यातही नसतं. अनामत रक्कम कायद्याने थंड भाड्याच्या तिप्पटीहून जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. घर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय, करार हातात आल्याशिवाय एक पैसाही पाठवू नये. परगावच्या मुलांना फसवणारे इथेही आहेत.

घर बघायला जाईल तेव्हा त्याला सांगा, दुपारी जा. मागच्या अंगणात तिसऱ्या मजल्यावर दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागत असेल तर नोव्हेंबरात काय होईल ते समजून घ्यावं. तिसरा मजला खरं तर चांगला, पहिल्या दोन मजल्यांपेक्षा उजेड जास्त आणि अगदी वरच्या मजल्यासारखं छपराखालचं उकडणं नाही. संडास आणि न्हाणीच्या भोवती टाच दाबून चालावं, जमीन कुठे दबते का बघावं. बाहेरच्या कोपऱ्यांत, कपाटाच्या मागे काळे ठिपके आहेत का, ताजा रंग फक्त एकाच कोपऱ्याला का लावला आहे, हे विचारावं. हीटिंग मध्यवर्ती आहे की प्रत्येक घरात गॅसचा स्वतंत्र बॉयलर आहे, आणि इमारतीचा ऊर्जेचा दाखला कुठला, हे घरमालकाने दाखवायला हवं. खिडक्या जुन्या लाकडी, एकामागे एक दोन तावदानांच्या असतील तर घाबरू नये. त्या नीट बसत असतील तर थंडी चांगली अडवतात आणि मधल्या वीतभर पोकळीत हिवाळ्यात दूधसुद्धा टिकतं.

बुरशीबद्दल मात्र आपल्या लोकांना विशेष सांगावं लागतं. आपण फोडणी देतो, कुकर लावतो, कपडे घरातच वाळत घालतो आणि थंडी म्हणून खिडकी बंद ठेवतो. ती सगळी वाफ बाहेरच्या थंड भिंतीवर जाऊन बसते. दिवसातून दोन-तीन वेळा पाच-सात मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, समोरासमोरच्या असतील तर एकदम, आणि मग बंद करायच्या. दिवसभर खिडकी किलकिली ठेवणं याच्या अगदी उलट काम करतं, भिंत गार होते आणि वाफ जात नाही. घरमालकाशी वाद होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण असतं, आणि डिपॉझिट त्यातच अडकतं. वाद झालाच तर भाडेकरूंच्या संघटना शहरोशहरी आहेत, वर्षाची छोटी वर्गणी भरली की वकिलाचा सल्ला मिळतो. पहिल्याच महिन्यात सभासद होऊन ठेवावं.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठी घरमालकाकडून राहत असल्याचा सहीचा कागद किल्लीबरोबरच मागून घ्यावा. आणि पहिल्याच दिवशी खालच्या दाराच्या बेलवर आणि पत्रपेटीवर आपलं आडनाव लावावं. जर्मनीत फ्लॅटला बहुधा क्रमांक नसतो, पोस्टमन नावावरून पेटी शोधतो. नाव नसेल तर बँकेचं कार्ड, विम्याची पत्रं, नोंदणीचे कागद सगळं परत जातं, आणि सामाईक दाराच्या आत कुणी राहतं आहे हे इमारतीला कळतच नाही.